प्लगला तेल

चालत्या गाडीचा प्लग उगाच काढून बघू नये, एवढंच मला सांगायचंय. बाकीचं ऐकायचं नसेल तर इथेच उठा, मला राग नाही. पण बसलात तर मधून उठायचं नाही.

झालं काय, सुट्टीचा दिवस होता. सकाळची वेळ, चहा पोटात गेलेला, ऊन अंगणात आलेलं. अशा वेळी शहाणा माणूस परत झोपतो. मला मात्र वाटलं, जरा ट्रकची सेवा करावी.

ट्रक म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे आला तो राक्षस नव्हे. आपला छोटा आहे, पेट्रोलवरचा. मागे पत्र्याची बंद पेटी. लोकांची घरं हलवतो मी त्यातनं. कपाटं, पलंग, गाद्या, आणि कुठल्याच कपाटात न मावणारी ती एक कुंडी, जी प्रत्येक घरात असतेच. या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलली की खाली इंजिन, जसा दिवाण उचलला की खाली जुन्या चादरी. म्हणजे माणूस दिवसभर इंजिनावरच बसतो. बुडाला चटका बसला की समजायचं, पाणी घालायची वेळ झाली. वेगळा काटा लागत नाही.

तर सीट उचलली. हवेची जाळी झटकली, पाणी बघितलं, चिंधीने इकडंतिकडं पुसलं. मग म्हटलं प्लग साफ करू. पान्हा लावला, पहिला प्लग फिरवून वर काढला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

प्लगला तेल.

आता ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लगचं काम ठिणगी टाकायचं. त्याचं टोक कसं हवं, भाजक्या विटेसारखं, कोरडं खडखडीत. हा तर तळणीतून झाऱ्याने काढल्यासारखा. काळा, चिकट, ठिबकतोय. इंजिनातलं तेल इंजिनात खाली राहायला पाहिजे. ते वर प्लगपर्यंत पोचलं म्हणजे मधल्या सगळ्यांनी आपापली कामं सोडली.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? इंजिनाकडे बघितलं नाही. वर गॅलरीकडे बघितलं.

गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती, आणि तिला हे दिसणं मला परवडणारं नव्हतं. कारण मागच्या खेपेस आम्ही एका लग्नाला निघालो होतो ट्रकमधून, आणि ऐन चढावर ट्रक बसला. ही नव्या कपड्यांत, उंच टाचांच्या चपला घालून, मागून ढकलत होती. मी आत स्टेअरिंग धरून. आता कुणीतरी स्टेअरिंग धरायला लागतंच. पण मी खिडकीतून मान काढून "अजून थोडा जोर लाव की!" म्हणालो, ते म्हणायला नको होतं. तिने तिथेच, भर रस्त्यात, फोन काढला आणि आपल्या धाकट्या भावाला सांगितलं, "हा ट्रक आता एकदा जरी बिघडला ना, तर तुझा. शब्द देते."

मेव्हणा केव्हापासून टपलेला. आणि चालवायला नाही हो! त्याला त्याचं दुकान करायचं होतं. चाकं काढायची, खाली विटा लावायच्या, पेटीला बाजूने मोठं भोक पाडून खिडकी करायची, आणि आत बसून मोबाईलची कव्हरं विकायची. माझा ट्रक! ज्याने निम्म्या गावाचे संसार इकडचे तिकडे केले, तो विटांवर बसून कव्हरं विकणार. मला रात्री स्वप्नं पडायची, ट्रक बिनचाकाचा, आणि माझ्याकडे दिव्यांनी बघतोय.

म्हणून मी प्लग पटकन शर्टाच्या खिशात टाकला.

"अहो, काय करताय?" वरनं आवाज.

"काही नाही. धूळ पुसतोय."

"खिशात काय टाकलंत?"

"पेन!"

"ट्रकमध्ये पेन कशाला?"

मी जोरात शीळ घालायला लागलो. खिशातून तेल पाझरून शर्टावर छातीच्या बरोब्बर डाव्या बाजूला काळा डाग पसरत होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस गोळी लागून मेलाय आणि त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरचे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळेनासा झालाय, म्हणून ते जिथे उभा माणूस दिसेल तिथे शिकवतात.

"काय निघालं?"

"हळू बोला मास्तर." मी खिसा उघडून दाखवला. चोरीचं सोनं दाखवावं तसा.

मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला, प्लगचा वास घेतला. "रिंग गेली. पिस्टनची."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या साडूच्या स्कूटरची गेली होती. असाच वास. त्याने दुर्लक्ष केलं."

"मग?"

"मग काय, स्कूटर गेली. साडूही गेला. अर्थात साडू वेगळ्या कारणाने गेला."

असा धीर देऊन मास्तर तिथेच दगडावर बसले. मी आडोशाला जाऊन गॅरेजवाल्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री तसा ओळखीचा, पण सुट्टीच्या दिवशी झोपेत असताना तो कुणाच्याच ओळखीचा नसतो.

"तेल कुठंय प्लगला?" मिस्त्री जांभई देत म्हणाला. "खाली टोकाला, का वर आट्यांना?"

"त्याने काय होतं?"

"वर आट्यांना असलं तर वरचं पॅकिंग गेलंय, किरकोळ काम. खाली टोकाला असलं तर आतलं गेलं. इंजिन उतरवायला लागतंय."

खिशातून प्लग काढला. टोकाला तेल होतं. आट्यांना तेल होतं. वरच्या पांढऱ्या भागालाही होतं, आणि खिशातला बसपास आणि एक गोळ्यांचं पाकीट यांनासुद्धा. सगळीकडे सारखं. म्हणजे पुरावा मीच खिशात घालून कालवून टाकला होता.

"सगळीकडे आहे," मी म्हणालो.

"सगळीकडे कसं असंल? दांडी काढून तेलाचं माप बघा."

ही दांडी म्हणजे इंजिनात खोचलेली पातळ पट्टी असते. काढायची, तिच्यावरच्या खुणांना बघायचं, आत किती तेल आहे ते कळतं.

"दांडी इथं नाही," मी म्हणालो.

"मग कुठंय?"

"मोरीत."

मिस्त्री म्हणाला, "येतो मी," आणि फोन ठेवला. खरं सांगतो, दांडी मोरीतच होती. मोरी तुंबली तेव्हा आईला काहीतरी लांब आणि लवचिक पाहिजे होतं. मोरी सुटली, दांडी वाकडी झाली, ती परत ट्रकमध्ये जाईना. तेव्हापासून तेलाचा अंदाज मी मनानेच घेत होतो. थोडं कमी असणार असं वाटलं की घालायचं. मला ते नेहमीच वाटायचं.

दुसरा प्लग काढला. तोही ओला. तिसरा काढला. मास्तर दगडावरून "अरेरे" म्हणाले. चौथा काढायला लागलो तेवढ्यात मागे बुटांचा आवाज. सोसायटीचे सेक्रेटरी. हा माणूस घरातसुद्धा बूट घालून फिरतो, कारण नियम मोडणारा केव्हा सापडेल सांगता येत नाही.

"आवारात वाहनदुरुस्तीला बंदी आहे."

"दुरुस्ती नाही साहेब. नुसतं बघतोय."

"सीट बाहेर काढलीय. पान्हे पसरलेत. मास्तर बसलेत. याला बघणं म्हणतात?"

"मी नुसता बसलोय," मास्तर म्हणाले.

"ट्रक फाटकाबाहेर घ्या आणि तिथे काय बघायचं ते बघा."

"साहेब, प्लग काढलेत. चालू कसा होणार?"

"लावा आणि चालू करा."

"ओले प्लग लावून ठिणगी पडणार नाही."

"मग दुरुस्त करून घ्या."

"तेच करत होतो!"

"आवारात बंदी आहे."

असे आम्ही ट्रकभोवती गोल गोल फिरलो, बोलण्यात आणि चालण्यातही. शेवटी सेक्रेटरींना दया आली. ते म्हणाले, "हे बघा, नियमात एक सोय आहे. वाहन अचानक बिघडलं तर परवानगी देता येते. तुम्ही फक्त म्हणा, वाहन बिघडलेलं आहे."

आता आली का पंचाईत? एवढंच एक वाक्य या जगात मला म्हणता येत नव्हतं!

"बिघडलेलं नाही," मी म्हणालो.

"मग चालवा."

"चालत नाही."

"म्हणजे बिघडलंय."

"नाही. त्याची इच्छा नाही आत्ता."

सेक्रेटरींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्या शर्टावरच्या डागाकडे बघितलं आणि डोक्याजवळ बोट नेऊन हळूच फिरवलं. मला दिसलं ते. या मास्तरांच्या जुन्या घरातला फ्रीज मी तिसऱ्या मजल्यावरून उतरवलाय, पाठीवर.

सेक्रेटरी मनाने वाईट नाहीत. त्यांना वाटलं आपणच मार्ग काढावा. त्यांनी मोबाईल काढला, ओळीने मांडलेल्या प्लगांचा फोटो घेतला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वाहन बिघडल्यामुळे मालकांना दुरुस्तीची विशेष परवानगी देण्यात येत आहे. सर्वांनी सहकार्य करावे.'

सहकार्य लगेच सुरू झालं. वरच्या गॅलरीत एक चादर अर्धवट झटकली जाऊन तशीच थांबली.

"अहो!"

मी वर बघितलं नाही. ज्या 'अहो'ला वर बघायचं नसतं तो माणसाला ओळखू येतो.

ती खाली आली. ट्रककडे बघितलं, प्लगांकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं. "पेन?" एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती एकेक प्लग उचलून बघत राहिली, आणि तिचा चेहरा, काय सांगू, जिंकलेल्या माणसाचा नव्हताच. मला वाटलं राग गिळतेय.

"भावाला सांगितलंस?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? तो आपल्या ग्रुपवर आहे. तुम्हीच घेतलंत ना त्याला, वाढदिवसाला."

आणि फाटकातून मेव्हणा आलाच. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात खडू. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"दाजी, फार वाईट वाटलं," म्हणाला, आणि टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं. "जरा धरा."

आणि मी धरलं हो! सवयीने. कुणी टोक दिलं की मी धरतो, माझा धंदाच तो. तो पलीकडे गेला आणि माझ्या ट्रकच्या पोटावर खडूने मोठा चौकोन काढला. "इथून कापायचं. इथे काउंटर. वर छोटा पंखा. ताई, रंग कुठला देऊ?"

ताई चाकांकडे बघत होती.

"दाजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चाकं तुम्हाला ठेवा आठवण म्हणून."

चाकं! घरात कुठं ठेवू, टीव्हीवर? मी टेप सोडली. ती सटकन जाऊन मेव्हण्याच्या बोटावर बसली. ते मुद्दाम नव्हतं. नंतर सगळ्यांना मी तसंच सांगितलंय.

तेवढ्यात मिस्त्रीपण आला. पायजम्यावर, केस उभे. त्याने प्लग उलटेसुलटे केले, इंजिनात वाकून बघितलं, डोकं खाजवलं. "आतनं गेलंय. उतरवायला लागंल." मग मास्तरांनी रिंगेचं सांगितलं तर म्हणाला, "रिंगच." सेक्रेटरी म्हणाले, पॅकिंग असेल, तर म्हणाला, "पॅकिंगपण असंल." मिस्त्रीचं असं आहे, तो कुणाचं मन मोडत नाही.

म्हणजे संपलं. मी पायरीवर बसलो. मेव्हणा फुंकर घालत बोट चोखत होता. आणि जिन्यातून माझी आई उतरली. एका हातात काठी, एका हातात तेलाचा डबा.

"काय जत्रा भरलीय?" आई म्हणाली. "कुणी मेलंय का?"

"आई, ट्रक चालला," मी म्हणालो. "हा घेऊन जाणार."

"जाऊ दे. पण उपाशी नको धाडू." आणि सरळ ट्रकच्या दारापाशी जाऊन डब्याचं झाकण उघडायला लागली. "कालचं राहिलंय घालायचं. पाय दुखत होते म्हणून उतरले नाही."

"काय घालायचं राहिलंय?"

"तेल. दर आठवड्याला घालते मी थोडं. तुझं लक्ष असतं का? तुझ्या बापासारखाच तू, नुसतं पळवायचं ठाऊक. शिलाई मशीनला घालून उरतं, ते घालते."

मी उठून उभा राहिलो. "आई, अगं मी घालतो ना दर आठवड्याला!"

"मला काय स्वप्न पडलं?"

"आई," बायको मधेच म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला, "तुम्ही घालत होता? मग... मी पण घालत होते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मिस्त्रीने इंजिनातून डोकं काढलं.

"तू?" मी म्हणालो. "तू कशाला? तुला तर हा देऊन टाकायचा होता!"

"द्यायचा कुठे होता!" ती खेकसली. "रागात शब्द देऊन बसले मी. दिलेला शब्द मागे कसा घेऊ, याच्यासमोर? म्हणून मग बिघडूच नये म्हणून घालत होते. तुम्ही पेपर वाचायला बसलात की. भरपूर घालायचे. म्हटलं, कमी पडून दगा नको."

संसारात माणसाला असं काही ऐकायला मिळालं की हात कुठं ठेवावे हे कळत नाही. मी ते शर्टावरच्या डागावर ठेवले.

"म्हणजे तिघांनी घातलं?" मिस्त्री म्हणाला.

मेव्हण्याने घसा साफ केला. "मी पण... आलो की थोडं घालायचो. म्हटलं, शेवटी आपल्यालाच मिळणार, तर इंजिन निदान चांगल्या भावात विकलं जाईल."

आई म्हणाली, "बघा, मुलगा गुणाचा आहे."

मिस्त्री ट्रकखाली सरपटला. खालचा नट सैल केला आणि बाहेर ओरडला, "बादली द्या!" बादली दिली. भरली. "अजून द्या!" मास्तरांनी आपली आंघोळीची आणली. भरली. मग घमेलं. मग सेक्रेटरींच्या झाडांना पाणी घालायचा डबा, तोही ते स्वतः धावत घेऊन आले, नियमबियम विसरून. तेल थांबेचना. इंजिन नव्हतंच ते, विहीर होती. बिचाऱ्याला गळ्यापर्यंत पाजलं होतं आम्ही चौघांनी मिळून, म्हणून वर प्लगपर्यंत येत होतं. रिंगा जागच्या जागी, पॅकिंग जागच्या जागी. तेल तेवढं जागेवर नव्हतं.

मिस्त्रीने अंदाजाने थोडं आत ठेवलं, प्लग पेट्रोलने धुतले, पुसले, बसवले. मी सीट टाकली, चावी फिरवली. घर्र. घर्र. मग असा धूर निघाला की सोसायटी दिसेनाशी झाली. निळा, गच्च. वरच्या मजल्यांवरून खोकल्याचे आवाज. धुरातून मास्तर म्हणत होते, "मी आधीच म्हणालो होतो, रिंग नसणार." आणि मग धूर हळूहळू विरला आणि ट्रक आपला गुणगुणत उभा, पोट मोकळं झालेल्या माणसासारखा.

मेव्हणा मात्र अडून बसला. "ताई, शब्द म्हणजे शब्द! बिघडला होता की नाही? ग्रुपवर आलंय!"

"बिघडला नव्हता," बायको म्हणाली. "त्याला जास्त झालं होतं. तुला मागे पाहुण्यांकडे झालं होतं तसं. तेव्हा काय आम्ही तुझे पाय काढून तुला विटांवर ठेवलं होतं?"

"मी हलणार नाही!" असं म्हणून तो मागच्या पेटीत चढला आणि सामानाखाली अंथरायच्या गाद्यांच्या ढिगावर फतकल मारून बसला. "हे माझं दुकान आहे. न्याय होईपर्यंत इथेच."

मिस्त्री तोवर पुढे पान्हे गोळा करत होता, त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने सवयीने पेटीचं दार लावलं, कडी घातली, आणि पेटीवर थाप मारून म्हणाला, "घ्या एक चक्कर. इंजिन गरम होऊ द्या."

सेक्रेटरींनी फाटक सताड उघडलं. बायको येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसली. स्वतःहून! त्या चढावर ढकलल्यापासून पहिल्यांदाच. मी पहिला गिअर टाकला आणि आम्ही निघालो. वळणापाशी मागून धाड धाड आवाज यायला लागले. मग दबलेलं काहीतरी, "दाजी... ओ दाजी!" चढ लागला तसा आवाज आणखी वाढला.

बायकोने कान टवकारले. "काहीतरी वाजतंय का हो?"

"मागनं येतंय."

"ट्रकचं आहे?"

"छे. ट्रकचं नाही. तुझ्या भावाचं."

तिने खिडकीची काच वर केली आणि नीट सरकून बसली.

"मग बिघाड नाही," ती म्हणाली. "चालवा."